बरणी परत करताना

ओझुर्गेतीच्या बाजारात लामझीराचं दही घट्ट
आणि हिशेब त्याहून घट्ट.
आठ तेत्री जास्त आले म्हणून
गिऱ्हाइकामागे बसच्या दारापर्यंत धावलेली बाई ही.
तिला रोज सकाळी सात वाजता
तिचाच लॅपटॉप सांगायचा:
तुमची प्रत खरी नाही.

काळा पडदा, कोपऱ्यात बारीक पांढरी अक्षरं.
शेजारच्या ओट्यावर अक्रोड फोडता फोडता
मलाही वाचता यायची.
ती झाकण लावून टाकायची पटकन,
चारचौघांत शिवण उसवल्यासारखी.

लॅपटॉप मुलीचा. मुलगी इटलीत, बारीला,
परक्या म्हातारीची वेणी घालते
आणि रविवारी पडद्यावर येते.
जाताना म्हणाली होती, आई, सगळं टाकलंय आत.
कुठून टाकलं ते कुणी विचारतं?
तेव्हा सगळ्यांचंच तसं होतं.
स्टेशनमागे पाच लारीला एक तबकडी,
आणि तबकडीवर चोरी असं लिहिलेलं नसायचं.

मुर्मान तराजू दुरुस्त करतो.
वजनं तपासायला आला, पडदा बघितला,
खिशातून नखाएवढा पेनड्राइव्ह काढला.
फुकट? लामझीरा म्हणाली.
फुकट.
फुकटचं पनीर उंदराच्या सापळ्यात असतं, मुर्मान.
असतं, तो म्हणाला, पण तुझं हे विरजण कुणी दिलं तुला?
सासूने.
आणि तिला?
खालच्या आळीतल्या कुणीतरी, मला काय माहीत!
पैसे किती मोजलेस?

लामझीरा बरणीचं झाकण उगाच फिरवत राहिली.
आमच्या भाषेत विरजणाच्या नावातच आई आहे.

आधी तिने चार वर्षांची उधारी
कागदावर उतरवली, दोन रात्री बसून.
त्यात माझ्या नावावर अकरा लारी निघाले.
मी विसरले होते. ती विसरली नव्हती.

मग पडद्यावर एक रेघ सरकू लागली,
मुंगीने साखर न्यावी तशी.
कोणी केलंय हे सगळं?
लोकांनी.
कुठल्या लोकांनी?
ज्यांना रात्री झोप येत नाही त्यांनी, मुर्मान म्हणाला,
आणि आता हलवू नकोस.
हे मात्र तिला सांगावं लागलं नाही.
लावलेलं भांडं हलवत नाहीत.
तिने अंगावरची शाल काढून लॅपटॉपभोवती गुंडाळली,
तो ओरडला, अगं, तापेल ते!

पहिल्या वेळी वीज गेली. नासलं, ती म्हणाली.
दुसऱ्या वेळी लागलं.

सोपं होतं असं मी सांगणार नाही.
तीन दिवस ती हिशेबाचं पान शोधत होती
आणि मुर्मानच्या सात पिढ्या तिला सापडत होत्या.
प्रिंटर अजून ढिम्म.
पावत्या ती हाताने लिहिते,
तिचा 'ल' दह्याच्या सायीसारखा पसरतो.

पण चौथ्या दिवशी, सात वाजता,
तिने कळ दाबली आणि सवयीने हात झाकणावर ठेवला.
पडद्याने फक्त नाव विचारलं.
तिने ते लिहिलं, एका बोटाने, पूर्ण,
बापाच्या नावासकट.
दुपारपर्यंत झाकण उघडंच होतं.
जाणारे येणारे बघत होते,
आणि ती बघू देत होती.

पेनड्राइव्ह आता अंड्यांच्या खोक्यात असतो.
चहाच्या मळ्यावरचा पहारेकरी घेऊन गेला,
शाळेची स्वयंपाकीण दोनदा.
मी जावयासाठी नेला, माझं काय, मला कळा कळत नाहीत,
पण रविवारी त्याच्याकडे तो पडदा बघितला,
आणि त्यावर त्याला कुणी काही सुनावत नव्हतं.

धुवायचा नसतो हा, मुर्मानने बजावलं होतं.
मी पदराला पुसला.
बरणीत घातला, वर मूठभर अक्रोड,
रिकामी परत कशी करणार?
आणि खाली, कागदात बांधून, अकरा लारी.