एकतोंडी

तिला एकच तोंड होतं.
मागे नुसता सपाट पत्रा, एक खिडकी, एक तांबडा दिवा.
लोकांना वाटायचं यात काही युक्ती असेल.
नव्हती. दुसऱ्या तोंडाला पैसे उरले नव्हते.

ग्लेनाड्डीच्या तीन फुटी रुळांवर तेव्हा
वाफेचं इंजिन सात माणसं आणि एक मेंढा घेऊन
डोंगर चढायचं,
आणि सातांपैकी पाचांचं तिकीट
चढावावरच धूर होऊन जायचं.
मेंढ्याचं अर्धं.
कंपनीच्या साहेबानं वही मिटली, म्हणाला,
मॅनस, बघ काही जमतंय का.

माझ्या बापानं डेरीकडच्या एका बस बांधणाऱ्याकडून
एक सांगाडा आणला, ॲश लाकडाचा,
एका लॉरीचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन,
आणि शेडचं दार लावून घेतलं.
बाहेर आला तेव्हा हिवाळा संपला होता.

पुढे एक खोकं: त्यात इंजिन, चालक, चालकाचा चहा.
मागे अठ्ठावीस जागांचा डबा.
दोघांच्या मधे लोखंडी गोळा, वाटीत बसवलेला,
खुब्याच्या हाडासारखा.
हे त्यानं मला स्वतःच्या खुब्यावर हात ठेवून समजावलं,
स्वयंपाकघरात, टेबलाभोवती फिरून.
तो डाव्या पायानं लंगडायचा,
त्यामुळे मला बराच काळ वाटत होतं
की तीही लंगडणार.

लंगडली नाही. फक्त वळणावर
खोकं आधी वळायचं, डबा मागून,
आणि तेवढ्यापुरती काचेतून कॉन्डीची पाठ
तिरकी दिसायची, कुणा परक्याची असावी तशी.

वाफेच्या इंजिनाला थांबणं परवडत नसे.
हिला परवडायचं.
फाटकापाशी, ओढ्यापाशी, नुसता हात वर केला तरी.
नॅब्ला मकलून अंड्यांची टोपली घेऊन
स्टेशन सोडून कुठेही उभी राहायची,
आणि चढली की आधी इंजिनाच्या झाकणावर हात शेकायची,
मग बोलायची.
एका मार्चमध्ये त्याच झाकणावर
साठ पिल्लांचा खोका ठेवला होता,
एका दिवसाची पिल्लं.
सगळा डबा गप्प बसून त्यांचं ऐकत होता,
पाद्रीसुद्धा.

आणि समुद्रापाशी, जिथे रूळ संपतात,
तिथे फिरती तबकडी.
उलटं चालता यायचं तिला, पण कसं,
अंधारात कडी चाचपत यावं तसं.
म्हणून रोज दुपारी कॉन्डी उतरायचा,
दांड्याला खांदा लावायचा,
आणि आठ टनांचं ते सगळं
दोन माणसांच्या बळावर फिरायचं.
वारा खाडीकडून असला तर दीड माणसाच्या.

शेवटच्या दिवशी ती संध्याकाळी पोचली, वीस मिनिटं उशिरा.
दर फाटकावर कुणी ना कुणी हात केला होता.
परत जायचंच नव्हतं.
सोमवारपासून गावाकडच्या टोकाला
रूळ उखडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं,
नोटीस तिच्याच काचेला चिकटवलेली होती.

कॉन्डी उतरला
आणि दांड्याला खांदा लावला.
कुणी सांगितलं नव्हतं.
कुणी थांबवलंही नाही.
नॅब्लानं टोपली खाली ठेवली.
स्टेशनातला पोऱ्या आला, मग मी,
मग माझा बाप, चौऱ्याहत्तरचा, काठी बाजूला टाकून,
आणि वारा त्या दिवशी नेमका उलटा.

फिरली.
तोंड गावाकडे झालं.
कॉन्डीनं इंजिन बंद केलं,
झाकण निवताना टिकटिकत राहिलं,
आणि कुणालाच घरी जायचं सुचेना.

बाप मात्र वाकून खाली शिरला,
कंदील मागितला,
गोळ्याच्या वाटीत बोटानं ग्रीस भरलं,
बाहेर येऊन बोट विजारीला पुसलं.
महिनाभर बघायला नको, म्हणाला.