गळ

कागदाच्या गिरणीत एकतीस वर्षं,
बहुतेक रात्रपाळ्या.
सकाळी घरी यायचास, व्हर्लिन,
ओल्या लगद्याचा वास घेऊन.
शनिवारी मात्र
पाइनच्या चिकाचा.

मार्ला सहा वर्षांची होती.
गोठलेल्या तळ्यावर तू तिला निजवलंस,
कान बर्फाला टेकवून.
"ऐक, तळं कूस बदलतंय."
दोघं परतलात ते लाल नाकांनी,
एका माशाबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सांगत.

मला कधी बोलावलं नाहीस असं नाही.
मीच म्हणायचे, थंडी फार.

काल तुझं चौकड्यांचं जाकीट
चर्चला देऊन टाकायला काढलं,
खिसा चाचपला
तर बोटात गळ रुतला.
एवढासा थेंब.

जाकीट पुन्हा खुंटीवर आहे.
मार्लाला फोन केला,
म्हटलं, यंदा मिनेसोटाला लवकर ये.
बर्फ धरला की
मला घेऊन चल.