चौथा नट

गिरणीच्या मोटारीला चार नट.
तीन मी पान्याने आवळते, अंगाचा भार टाकून.
चौथा
मृगापासून घटस्थापनेपर्यंत
नुसता बोटांनी फिरवते.
चार सोडवायला आठ मिनिटं, तीन सोडवायला सहा.
मधल्या दोन मिनिटांत पाणी एक पायरी चढतं,
मोजलंय मी.

त्यामुळे पावसाळ्यात माझी गिरण थरथरते.
बाजाराच्या टोकापर्यंत जातो खडखडाट.
नवं कुणी विचारतं, मशीन बिघडलंय का, ताई?
जुने विचारत नाहीत.
आवाज मध्येच थांबला
की ते आपापल्या दुकानात गोणी उचलायला लागतात.

चिपळुणात पाणी दोन्हीकडून येतं.
वरून घाट उतरून वाशिष्ठी,
खालून दाभोळच्या खाडीतून भरती.
दोघी समोरासमोर येतात,
आणि कुणीच मागे सरली नाही
तर मग आमच्या रस्त्यात घुसतात.

म्हणून गोवळकोटाला फोन.
"इस्माईलभाई, भरती कितीला?"
"तिथीची पाऊणपट करा नि काय!
आज दशमी, साडेसात. भांगाचं पाणी, जोर नाय."
आणि त्या आषाढी अवसेला, मी विचारायच्या आधीच:
"वैजूभाभी, सव्वाअकरा. उधाण हाय.
वरचा पाऊसपण बघताय ना?
मोटार चढवा."

आधी डबे.
मोटार माझी, धान्य लोकांचं.
सत्तावीस डबे पोटमाळ्यावर,
ऑइलपेंटने नावं घातलेले:
इनामदार गहू. मदरसा तांदूळ.
रेडीज नाचणी, नाचणीतला 'ची' पुसट.
मग तीन नट, मग बोटांनी चौथा,
तुळईच्या कडीत साखळी,
आणि मोटार वर, डोक्याच्या वर,
कसायाकडच्या बकऱ्यासारखी टांगलेली.

कडी माझ्या सासऱ्यांनी ठोकलेली,
त्यांच्या वेळच्या पाण्याच्या हिशेबाने.
पाण्याने हिशेब बदलला होता.
मोटार टांगल्या जागीच बुडाली.
पोटमाळाही.
मी पत्र्यावर, शेजारच्या रेडीज काकू पत्र्यावर,
त्यांच्या मांडीवर दुकानाची गल्ल्याची पेटी आणि मांजर.
पहाटे भोईवाडीतला केशव जुवळे होडी घेऊन आला,
स्वतःचं घर पाण्यात सोडून,
आणि पहिलं काय बोलला तर
"मांजर आधी द्या, ते बोचकारतं."

चिखल कसा असतो ते सांगत नाही.
फावडं ज्याने धरलंय त्याला माहीत आहे,
इतरांना वासाशिवाय काय सांगणार?

सहाव्या दिवशी इस्माईलभाई आले, सायकलच्या कॅरियरला एक डबा.
खारफुटीत अडकला होता.
"नाव वाचलं. झाकण उघडलं नाय, अमानत हाय."
आत पाणी शिरलेलं,
नाचणीला बारीक पांढरे मोड.
रेडीज काकूंनी मूठभर हातात घेतली,
वास घेतला, चार दाणे चावले.
म्हणाल्या, मोड आलेच आहेत, तर सत्त्व करूया.
शाळेत उतरलेल्या सगळ्या पोरांना
त्या दिवशी सत्त्व मिळालं,
गुळाशिवाय, गूळ वाहून गेला होता.

पंचनाम्याला आलेल्या मुलाने लिहिलं:
मोटार एक, पट्टा एक, जाती एक जोड.
नकाशा दाखवला.
निळ्या रेषेच्या आत आहात, म्हणाला,
उंचावर का नाही जात?
मी म्हटलं, दळणाचा डबा डोक्यावर घेऊन
तू चढ एकदा ती उंची.
तो हसला नाही. पाणी मागितलं,
मग आम्ही दोघंही थोडं हसलो.

नवी मोटार कऱ्हाडहून आली.
मेकॅनिकने चारही नट वॉशर घालून आवळले.
आता बघा, जरा हलणार नाही.
त्याची गाडी वळली
तसा मी पाना घेतला,
आणि कडीही दोन हात वर सरकवून घेतली.
पुरेल की नाही, पाणी सांगेल.

एकच अडचण आहे.
पावसात लाईट फार जाते.
गिरण गप्प होते, आणि अख्खा बाजार
कापडाचे तागे खांद्यावर घेऊन उभा.
मग मला पिठाच्या हातांनी
धावत दारात यावं लागतं, ओरडावं लागतं:
लाईट गेलीये!
अहो, फक्त लाईट!