रानमेथी

हळदोण्याच्या शाळेमागचं मैदान
फरशा घालायला घेतलं, त्याच्या आदल्या दिवशी
मी आणि एस्पेरान्सबाय खुरपं घेऊन गेलो.
गोलपोस्टाजवळ, जिथे गोलकीपर उभा राहून राहून
गवत कधी टिकलंच नाही,
तिथे ही होती, जमिनीला गाल लावून.
तीन-तीन पानं. करंगळीच्या नखाहून लहान.

पदेराच्या जुन्या टोपलीत ढेकळं भरली.
मुकादम म्हणाला, कशावर औषध आहे हे?
कशावरच नाही, म्हटलं.
त्याने तरी थोडं खिशात घातलं.

अंगणात आधी पुण्याचं लॉन होतं,
गुंडाळून आलेलं, बिलासकट.
आमच्या चिऱ्याच्या जमिनीवर
मे महिन्यात पाऊल टाकलं की पापडासारखं मोडायचं.
ते उपटून हिला लावताना
एस्पेरान्सबायने मुळावरची गाठ नखाने फोडली:
आत गुलाबी.
"जिती आसा गो," ती म्हणाली, आणि माती ओढली.

दोन वर्षं काही नाही.
म्हणजे मला दिसेल असं काही नाही.
मग जांभळी फुलं, वाकल्याशिवाय न दिसणारी,
मग मोज्यांना चिकटलेल्या शेंगा,
एका बाजूने दातरलेल्या.
मी वेचून कचऱ्यात टाकत होते.
एस्पेरान्सबायने मोजे हिसकावले,
फाटकाबाहेर जाऊन रस्त्याकडेला झटकले.

मैदानावर आता गाड्या लागतात.
फरशांच्या सांध्यांत काय आहे
ते बघायला मी अजून गेले नाही.
शनिवारी जाईन,
लोकरीचे मोजे घालून,
न झटकता.