दुपारी दोनचं कोर्ट

टोलेडोच्या डायलिसिस सेंटरात
दुपारी दोनला कोर्ट भरतं.
चार खुर्च्या, चार यंत्रं, भिंतीवर टीव्ही,
आणि रिमोट अर्नेस्टीनबाईंच्या मांडीवर.
तो कुणी मागत नाही.

आज खटला अर्ध्या टॅटूचा.
पोरगी म्हणते, ह्याच्या दंडावर माझं नाव,
निम्मे पैसे माझे, लग्न मोडलं, परत दे.
पोरगा बाही वर सारतो.
नाव आहे.
स्पेलिंग चुकलेलं.

वेंडेल हसतो तशी त्याची नळी हलते,
नर्स डोळे वटारते.
न्यायाधीशबाई टेबलावर हात आपटतात,
"माझ्या कोर्टात च्युइंगम?"
पोरगा गिळून टाकतो.
आम्हीही आवंढा गिळतो,
पाणी मापून पिणारी माणसं.

अर्नेस्टीन हळूच सांगते,
हा माझ्या बहिणीचा नातू.
दंड चॅनेल भरतं. विमान, हॉटेल,
वर दोघांना एकेक पाकीट.
निकालानंतर एकाच टॅक्सीनं
पॅनकेक खायला गेली दोघं.

म्हणजे भांडण खोटं?
"खरंच की," ती म्हणते,
"घरी फुकट भांडायची."

जाहिराती. गुडघ्याचं मलम, अपघाताचे वकील.
वेंडेलचा निकाल तयार :
पोरीला पैसे, पोराला डिक्शनरी.

माझा घटस्फोट अकरा मिनिटांत झाला.
न्यायाधीशानं कागदावरून मान वर केली नाही,
माझं नाव दोनदा चुकवलं.
ह्या बाई निदान ओरडतात तरी
माणसाच्या तोंडाकडे बघून.

यंत्र टुंटुं करतं. अजून चाळीस मिनिटं.
पुढचा खटला बोकडाचा,
आणि बोकड जातीनं हजर आहे.
अर्नेस्टीन, आवाज वाढव.