आज समुद्रात

आज गुरुवार. पाणी बंद.
काल रात्री बाराला आम्ही धनकवडीत पोचलो,
बॅगा अजून पॅसेजमध्येच आडव्या
आणि बाथरूमची फरशी हलतेय.
हलतेय म्हणजे, मला वाटतंय.
बेसिनला धरून मी दात घासते,
प्रवासातल्या बाटलीत उरलेल्या दोन घोटांवर.
बादल्या भरून ठेवायला घरात होतंच कोण?

जहाजावरच्या तीन दिवसांत
एक मधला दिवस असा होता
की कुठलंच बंदर येत नव्हतं.
दाराखालून सरकवलेल्या कागदावर छापलं होतं:
आज समुद्रात.
बास, एवढंच.
उतरायचं नाही, बघायचं नाही,
परतीची गाडी कितीला म्हणून
कुणाच्या मागे लागायचं नाही.

शलाकावहिनी दहापर्यंत झोपली.
एकोणीस वर्षांत तिला मी
उजेडात झोपलेलं पाहिलं नव्हतं.
हेरंबदादाचा फोन रेंज शोधून दमला,
मग दादा दमला,
मग पोराशी पत्ते खेळताना
बिनदिक्कत लबाडी करत बसला.
खोलीत कुणीतरी टॉवेलचा हत्ती घडवून ठेवला होता.
मोडू नका गं त्याला, आई म्हणाली,
आणि जुन्या साडीला अंग पुसून मोकळी झाली.

बाबा मात्र पहाटे चारलाच वर, डेकवर.
चौतीस वर्षं महापालिकेत चावीवाले.
चारला पर्वती पायथा, पाचला सहकारनगर,
साडेसहाला आमची गल्ली.
खांद्यावर छातीइतकी उंच लोखंडी चावी,
रस्त्यातलं झाकण उचलायचं, वाकायचं,
किती आटे फिरवले की कुठल्या मजल्यावर पाणी चढतं
हे हातालाच पाठ.
दोन आटे जास्त, तर खालच्या आळीच्या शिव्या,
दोन कमी, तर वरच्या.
लग्नघरची माणसं आदल्या रात्री पेढे घेऊन यायची.
कधी घेतले. कधी नाही.

मी चहा घेऊन गेले तेव्हा
दोन्ही हात कठड्यावर ठेवून उभे होते.
चारी बाजूंना पाणी,
कुणाचीच वेळ ठरलेली नसलेलं.
"एवढं," म्हणाले.
मग बराच वेळ काही नाही.
मग, "आणि प्यायला तांब्याभर नाही."
मला वाटलं हसतील.
चहावर साय धरली तरी ते तिकडेच बघत.

दुपारी सगळे सावलीतल्या खुर्च्यांवर ओळीनं आडवे.
पलीकडे कुणीतरी हाऊजीचे आकडे ओरडत होतं,
वारा ते निम्म्यातच उचलून नेत होता.
आईनं चपला काढून पाय वर घेतले,
डब्यातली दाण्याची चटणी बोटानं चाटली,
म्हणाली, आज वार कुठला?
कुणालाच सांगता येईना.
आणि बाबा, झोपेत,
उजवा हात पोटावर फिरवत होते.
सावकाश, एकाच बाजूला,
जडसर, जोर लावून, आटा धरून.
आईनं तो हात धरला नाही.
नुसती बघत राहिली.
साडेतीनच्या सुमाराला तो थांबला,
उघडाच, तळवा वर करून,
आणि मग संध्याकाळपर्यंत
त्या हाताला काही काम नव्हतं.

आत्ता उठलेत.
सवयीनं आधी स्वयंपाकघरातला नळ सोडून बघतात.
नळ खोकतो, एक थेंब काढतो, गप्प होतो.
बाहेरच्या फळ्यावर सोसायटीनं लिहिलंय:
शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने.
आई म्हणते, अहो, बंद करा तो.
लहानपणी दात घासताना नळ चालू ठेवला म्हणून
ज्यांनी मला आणि दादाला
पाठीत धपाटे घातले, ते म्हणतात,
"राहू दे गं.
येईल तेव्हा येईल."

मी पॅसेजमध्ये बॅग उघडते.
भिंतीला एक हात लावून.