खतावणी

रुवीच्या या इमारतीत खाली मनी एक्सचेंज,
वर आम्ही, आणि खिडकीभर
एकही झाड नसलेला तपकिरी डोंगर.
गुरुवारी संध्याकाळी साहेब म्हणाला,
दोन कंपन्या एक झाल्या, याद्याही एक कर,
रविवारी बसेस निघतील रुसैलच्या कॅम्पला.

एका मॅपमध्ये दोनशे बारा माणसं,
दुसऱ्यात एकशे सत्त्याऐंशी.
की म्हणजे पलंगाचा नंबर,
व्हॅल्यू म्हणजे त्यावर झोपणारा.
तिसरा मॅप कोरा.
पुट-ऑल. दुसऱ्यासाठी पुन्हा पुट-ऑल.
कोड चालला, कुरकुर नाही, लाल अक्षर नाही.
मी करक चहाचा कप उचलला

आणि सवयीनं बेरीज केली.

ही सवय अण्णांची.
बार्शीत आडतीवर दिवाणजी होते.
दिवसभर कीर्द, रात्री कीर्दीवरून खतावणी.
तूर, करडई, हमाली, तोलाई,
एकेक नोंद उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर,
जीभ दातांत धरून.
चुकलं तर खोडायचे नाहीत.
एक रेघ मारायचे, बारीक,
खालचा आकडा वाचता येईल अशी.
"खाडाखोड केली की वही खोटी," म्हणायचे,
"रेघ मारली की नुसती चुकलेली."

तीनशे नव्व्याण्णव हवे होते.
तीनशे शहाऐंशी निघाले.

दोन्ही कंपन्यांत बी ब्लॉक,
दोन्हीकडे चौदा नंबरची खोली.
दुसरा आला, की ओळखीची दिसली,
तो पहिल्याच्या अंगावरच निजला.
पहिल्याची रेघसुद्धा उरली नाही.
असे तेरा.
मशीन याला चूक म्हणत नाही.
विचारलं तर म्हणेल, कुलूप तेच, किल्ली तीच,
तुमचं हरवलं काय?

जुना मॅप टाकला नव्हता म्हणून सापडले.
बी-चौदा-तीन: यासीन सरखोत, वेल्डर, गाव दाभोळ.
शेऱ्यात कुणीतरी लिहिलेलं,
'रात्री कमी दिसतं, खालचा पलंग द्यावा'.
त्याच्या जागी आता बिनोद थापामगर, सुतार.
शेरा नाही.
त्याचा तरी काय दोष.

अण्णांना एक गोष्ट समजावता आली नसती.
नोंद उतरवली असं आपण म्हणतो,
उतरतो फक्त पत्ता.
माणूस एकदाच असतो, असतो तिथेच,
दोन्ही मॅप त्याच्याकडे बोट दाखवतात.
या यादीत शेरा पुसला
की त्या यादीतही पुसलेला.

की समजली असती?
माझ्या लग्नानंतर तहसिलात तेच गेले होते,
नाव कमी केल्याचा दाखला आणायला.
तो दाखवल्याशिवाय सोलापूरच्या रेशनकार्डावर
माझं नाव चढेना.
मधले सव्वीस दिवस
मी कुठल्याच कार्डावर नव्हते.
जेवत मात्र होते, दोन्ही घरी.

शुक्रवारी पुट-ऑल खोडलं.
लूप लिहिला, एकेक नोंद, हातानं उचलल्यासारखी.
की आधीच असेल तर थांब, विचार,
कंपनीचं अक्षर पुढे लाव, मग ठेव.
रात्री नऊला बेरीज जुळली.
डोंगर दिसत नव्हता, त्याच्यावरचा एक दिवा तेवढा.
साहेबाला कळवलं, तेरा पलंग वाढवावे लागतील.
त्याचं उत्तर आलं नाही.

रविवारी सकाळी कॅम्पच्या मुकादमाला फोन केला,
सरखोतला खालचा पलंग द्या म्हणून.
तो म्हणाला, सरखोत? तो तर मार्चमध्येच गेला.
गावी?
असेल. बॅग घेऊन गेला.
आणि शेरा कुणी लिहिला होता?
मागे बसचा हॉर्न वाजत होता,
त्याला ऐकू गेलं नसावं.

नोंद मी काढली नाही.
एक रकाना वाढवला, त्यात खूण केली,
नाव आणि शेरा दोन्ही वाचता येतील अशी.
मग साहेबाला पुन्हा लिहिलं,
तेरा नको, बारा पुरतील.

या वेळी उत्तर लगेच आलं.
गुड.